तृतीयपंथीयांना एचआयव्हीचा धोका जास्त का? सुरुवात घरातूनच होते

एचआयव्हीचा विषाणू माणूस कोण आहे हे बघत नाही. तरीही नॅकोच्या २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये बाधेचं प्रमाण ३.१४ टक्के आढळलं. त्या वर्षी देशातील प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के होतं. म्हणजे सुमारे १४ पट. निरोधाशिवाय गुदसंबंधात लागण लवकर होते, हे एक कारण. पण तिथपर्यंत नेणारी कारणं समाजातली आहेत.

घर सुटतं, काम मिळत नाही

मुलाचं चालणं-बोलणं बायकी वाटू लागलं की घरात मार आणि शाळेत चिडवणं सुरू होतं. आधी शाळा सुटते, मग घर. शिक्षण नाही, कागदपत्रं नाहीत, त्यामुळं कुणी कामावर ठेवत नाही. मग दुकानांत, रेल्वेत मागणं किंवा देहविक्रय एवढंच अनेकींच्या हाती उरतं. गिऱ्हाईक निरोधाशिवाय जास्त पैसे देतो म्हणतं. संध्याकाळच्या भाकरीची सोय नसेल, तर नाही म्हणणं अवघड जातं. बळजबरी झाली तरी तक्रार करायची भीती वाटते.

मनावरचं ओझं

रोजची हेटाळणी आणि एकटेपणा यातून नैराश्य येतं, दारू जवळची वाटते. नशेत काळजी घेतली जात नाही. जीव लावणारा जोडीदार भेटला, तर निरोधाचा आग्रह धरल्यावर तो सोडून जाईल ही धास्ती असते. दवाखान्यात पुरुषांच्या रांगेत थांबायचं की बायकांच्या, हाच पहिला प्रश्न. लोक हसतात, म्हणून तपासणी लांबते.

कायदा आणि उपचार

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते आणि आजारावरून कामावरून काढता येत नाही.

सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते. एआरटी गोळ्याही मोफत मिळतात. त्या न चुकता घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. धोक्याचा संबंध किंवा बळजबरी झाली असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडं जावं; लागण रोखणारी औषधं आहेत.

पोराला घरात ठेवून शाळा पूर्ण करू दिली, तर यातला बराचसा धोका टळतो. अधिक माहितीसाठी १०९७ हा नंबर मोफत आहे.