नांगराची पारख

वैनगंगेच्या कांठीं नांगर म्हटला म्हणजे तो धानाच्या बांधींतला. होडीचा लोखंडी नांगर येथील पांढरपेशा घरांस पुस्तकांतूनच ठाऊक. तथापि मराठीनें दोहोंस एकच शब्द दिला, तो उगीच नव्हे. जमिनींत रुतणें हेंच दोघांचें काम. शेतांतला मोडला तर एक सकाळ फुकट जाते. पाण्यांतला मोडला तर माणसें जातात.

प्राचीन काळीं नांगर दगडाचा असे. विजयदुर्गाजवळ समुद्रांत असे भोंक पाडलेले दगड संशोधकांस सांपडले आहेत. दगडाचा मुख्य गुण वजन, आणि तें उचलतांच कळतें. लोखंड आलें आणि पारख अवघड झाली. घडीव नांगर म्हणजे लोखंडी कांबींची जुडी तापवून घणाखालीं एकजीव केलेली. वरून एकसंध दिसणाऱ्या दांड्याच्या पोटांत कीट राहिलेलें असे, किंवा जोड अर्धवट बसलेला असे. तें कळे वादळाच्या रात्रीं. म्हणून नांगर टांगून हातोड्यानें वाजवावा, नाद खणखणीत येतो कीं बद्द, तें ऐकावें; उंचीवरून कठीण तळावर पाडून पाहावा. ओतीव पोलादाच्या नांगरांस आजहि या दोन्ही परीक्षा लावतात. मडकें घेतांना आपल्या गृहिणी तें बोटानें वाजवितात, त्याच जातीची ही विद्या!

इंग्लंडांत पुढें ताण देऊन पाहणारीं यंत्रें आलीं. परंतु विक्रेत्यास परीक्षेची सक्ती नव्हती. ती १८६४ च्या कायद्यानें आली. १६८ पौंडांहून जड नांगर परीक्षा होऊन ठसा उमटल्यावांचून विकूं नये, असें ठरलें. अर्थात् ठसा सांगतो तो लोखंडाचा गुण. तळाला पकड किती, हा प्रश्न निराळा. १८५२ सालीं तेथील आरमारखात्यानें नेमलेल्या समितीनें निरनिराळे नांगर प्रत्यक्ष वापरून पाहिले, तेव्हां ट्रॉटमनचा नांगर सरस ठरला. आरमाराचा स्वतःचा मागें पडला.

आपल्याकडे कौटिल्यानें फार पूर्वीं निराळी वाट धरली होती. माणसें किंवा साहित्य अपुरें असलेली, अथवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें, असें अर्थशास्त्र सांगतें. नांगर हें साहित्यांतच आलें. मला ही युक्ति अधिक मर्मग्राही वाटते. ज्यानें नाव सोडली त्याच्याच खिशाला येथें हात घातला आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. १६८ पौंड म्हणजे जुन्या पक्क्या दोन मणांच्या किंचित् वर. इतका जड नांगर ढिवराच्या डोंग्यांत ठेवला तर डोंगाच बसेल! १८६४ चा कायदा येथें असता, तरी तो या माणसाच्या वाटेस गेला नसता. पवनी तालुक्यांत गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. पुढें पाणी मागें फुगलें, आणि जेथें बांबूनें तळ लागे तेथें अथांग डोह झाला. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यांत तपासणीच्या दाखल्याचा सारा भर यंत्रानें चालणाऱ्या नौकांवर आहे. वल्ह्याच्या डोंग्यांतला दोराला बांधलेला दगड, किंवा गांवच्या लोहारानें घडविलेला आंकडा, वाजवून पाहणारा अजून त्या डोंग्याचा धनीच.