जर्मन पूर्वजांचा शोध : जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या

एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन माणसे हॅम्बुर्ग, ब्रेमेन आदी बंदरांतून अमेरिकेला गेली. सिनसिनाटी, सेंट लुईस व मिलवॉकी या शहरांच्या परिसरात त्यांतील कॅथलिकांनी आपल्या भाषेची चर्चे उभारली. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांना आज एवढेच ठाऊक असते की, आपले घराणे 'जर्मनीहून' आले. परंतु जर्मनीतील जुन्या नोंदी गावोगावच्या धर्मग्रामांनुसार ठेवलेल्या आहेत. म्हणून मूळ गाव कळल्याखेरीज शोध समुद्रापलीकडे जात नाही. हे गाव कसे शोधावे, याची माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

१) जनगणना

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. सुरुवातीस केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले जाऊ लागले. १८८० मध्ये आईवडिलांच्या जन्मस्थानाची, तर १९०० मध्ये जन्माचा महिना व देशात आल्याचे वर्ष यांची भर पडली. १८९० ची पत्रके १९२१ साली वॉशिंग्टन येथील आगीत सापडली व त्यांतील अगदी थोडीच आज उरली आहेत. ७२ वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमानुसार १९५० ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. संशोधकाने तेथून एकेक दशक मागे जावे.

जन्मस्थानाच्या रकान्यात 'प्रशिया', 'बाडेन' किंवा 'बव्हेरिया' असे आढळल्यास गोंधळू नये. जर्मनी हे एकसंध राष्ट्र १८७१ मध्ये झाले. तत्पूर्वी ही स्वतंत्र राज्ये होती. शिवाय १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर अनेक कुटुंबांनी 'श्मिट'चे 'स्मिथ' व 'म्युलर'चे 'मिलर' केले, घरातील भाषा सोडली आणि मुलांपाशी गावाचे नावही काढले नाही. जनगणनेतून कुटुंब व काळ कळतो. गाव क्वचितच कळते.

२) चर्चची नोंदवही

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला व स्नानसंस्काराच्या नोंदीसंबंधीही नियम घालून दिले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृत्यूच्या नोंदीची भर घातली. आपल्या वसई-मुंबईकडील चर्चमधील वह्याही याच परंपरेतील आहेत. जर्मनीत मात्र १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात अनेक वह्या नष्ट झाल्या.

अमेरिकेतील जर्मन धर्मग्रामांच्या विवाह व मृत्यूच्या वह्यांत पुष्कळदा मूळ गावाचे नाव मिळते. स्नानसंस्काराच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते, जे जनगणनेत सहसा नसते. आपल्या पूर्वजाच्या नोंदीत गाव नसल्यास त्याची भावंडे आणि मुलांचे धर्ममातापिता यांच्या नोंदी पाहाव्यात. एका गावची माणसे बहुधा एकामागून एक येऊन शेजारी वसत. कुटुंब लुथरन असल्यास त्या चर्चच्या वह्या पाहाव्यात.

३) वाचनातील अडचणी

कॅथलिक नोंदी बहुधा लॅटिनमध्ये आहेत. तेथील 'गुइलिएल्मुस' म्हणजे जर्मन 'विल्हेल्म' आणि अमेरिकेतील 'विल्यम'. एकाच घरातील सर्व मुलांच्या नावापुढे 'योहान' दिसते. हाक मारण्याचे नाव बहुधा दुसरे असे. ७ या अंकास 'ब्रिस' जोडलेले असेल, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय, कारण लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. त्याचप्रमाणे ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर व १० म्हणजे डिसेंबर.

४) समुद्रापलीकडे

हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्यांत प्रवाशाचे शेवटचे वास्तव्यस्थान आहे. ब्रेमेनच्या बहुतेक याद्या मात्र राहिल्या नाहीत. एकाच नावाची अनेक गावे असतात. त्यासाठी १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला मेयर्सचा जर्मन साम्राज्याचा स्थलकोश उपयोगी पडतो. त्यात त्या गावी चर्च होते की नाही, हेही कळते. पासाऊ, म्युन्स्टर इत्यादी धर्मप्रांतांच्या वह्या 'मॅट्रिक्युला' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

केवळ नाव जुळले म्हणून पूर्वज सापडला, असे मानू नये. वय, आईवडिलांची नावे व भावंडे जुळली, तरच नोंद स्वीकारावी. एक चूक झाली की पुढच्या सर्व पिढ्या परक्याच्या घराण्याला जोडल्या जातात.

'ने तेमेरे' हा आदेश १९०८ मध्ये अमलात आल्यापासून विवाहाची वार्ता स्नानसंस्कार झालेल्या चर्चला कळवून त्या मूळ नोंदीत लिहिली जाते. त्यामुळे त्यानंतर अमेरिकेत विवाहबद्ध झालेल्या माणसाची खूण त्याच्या जन्मगावच्या वहीच्या समासातही आढळू शकते. घरातून पुसले गेलेले गाव अशा एका ओळीतून परत मिळते.