फ्रान्सचे कालवे : बोट चालवणे सोपे, थांबवणे अवघड

फ्रान्समध्ये नौकानयनास योग्य अशा नद्या व कालव्यांचे जाळे सुमारे साडेआठ हजार किलोमीटर लांबीचे आहे. त्यापैकी सुमारे ६,७०० किलोमीटरचा कारभार ‘वोआ नाविगाब्ल द फ्रान्स’ ही सार्वजनिक संस्था पाहते. एके काळी या पाण्यावरून धान्य, दारूची पिंपे, लाकूड आणि कोळसा जात असे. रेल्वे आणि पुढे मालमोटारी आल्यावर अरुंद कालव्यांवरील मालवाहतूक ओसरत गेली आणि त्यांची जागा सहलीच्या बोटींनी घेतली. आज जगभरातील पर्यटक आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेऊन स्वतःच ती चालवत या मार्गांनी फिरतात. भाड्याच्या अशा बोटीसाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. बोट देणारी कंपनी थोडे शिक्षण देऊन तात्पुरते ओळखपत्र देते. स्वतःच्या बोटीने जाणाऱ्यास मात्र चालकाचा परवाना बाळगावा लागतो आणि बोटीचा आकार व मुक्कामाची मुदत पाहून ठरवलेला जलमार्गाचा कर भरावा लागतो.

चित्रांत हा प्रवास अतिशय निवांत दिसतो आणि बहुतांशी तो तसाच असतो. तथापि, त्यातील लहानमोठ्या अडचणींचे मूळ एकाच गोष्टीत सापडते. बोट पुढे नेणे सोपे असते; तिला हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी थांबवणे अवघड असते.

कालव्यांची घडण

फ्रान्समधील सर्वांत प्रसिद्ध कालवा म्हणजे दक्षिणेकडील ‘कनाल द्यु मिदी’. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या तो सरोवरापर्यंत जाणारा हा २४० किलोमीटरचा कालवा चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. मिठावरील कर वसूल करणारा अधिकारी पिएर-पॉल रिके हा त्याचा जनक. कालव्यासाठी त्याने स्वतःची संपत्ती पणाला लावली. परंतु कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्यापुढील खरा प्रश्न खोदकामाचा नव्हता, पाण्याचा होता. नोरूझ येथील जलविभाजकावर, म्हणजे मार्गाच्या सर्वांत उंच ठिकाणी, बारमाही पाणी आणल्याखेरीज कालवा चालणार नव्हता. रिकेने ‘काळ्या डोंगरा’तील ओढ्यांचे पाणी सां-फेरेओल येथील धरणात साठवून ते नोरूझपर्यंत आणले. १९९६ मध्ये युनेस्कोने या कालव्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

मध्य फ्रान्समधील ब्रिआर कालवा याहून जुना. लुआर आणि सेन या नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारा हा मार्ग १६४२ मध्ये सुरू झाला. १८३२ मध्ये पूर्ण झालेल्या बर्गंडी कालव्यावर २४२ किलोमीटरमध्ये १८९ लॉक आहेत आणि पुयी गावाजवळ तीन किलोमीटरहून लांब बोगदा आहे. पुढे १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या कायद्याने लॉकचे प्रमाण माप ठरले : लांबी ३९ मीटर, रुंदी ५.२ मीटर. ‘पेनिश’ नावाची मालवाहू बोट याच मापात बसेल अशी, साडेअडतीस मीटर लांब बांधली जाई.

लॉकमधील फजिती

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठडी. बोट आत घेऊन दरवाजे बंद करायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि बोट वरच्या अथवा खालच्या पातळीवर पोहोचली की पुढचा दरवाजा उघडायचा. काही ठिकाणी हे काम ‘एक्लुझिए’ म्हणजे लॉकचा रखवालदार करतो. अनेक ठिकाणी ते स्वयंचलित झाले असून बोटीवरील रिमोट किंवा पाण्यावर लोंबणारी दांडी फिरवून लॉकला सूचना द्यावी लागते. लाल दिवा असेल तर थांबायचे, लाल व हिरवा एकत्र असतील तर लॉक तयार होत आहे असे समजायचे आणि केवळ हिरवा लागल्यावर आत शिरायचे. दोन लाल दिवे म्हणजे लॉक बंद.

नवशिक्यांची पहिली चूक दोराशी निगडित असते. खाली उतरताना दोर काठावरील खुंटाला पक्का बांधला, तर पाणी उतरते आणि बोट दोराला लटकते. क्षणभरात ती कलंडू लागते, कपाटातील भांडी घरंगळतात आणि ताणलेली गाठ हाताने सुटत नाही. म्हणूनच दोर खुंटाला नुसता वळसा घालून त्याचे टोक हातात धरायचे आणि पाण्याबरोबर सैल सोडत जायचे असा नियम आहे. प्रसंगी दोर कापता यावा यासाठी सुरी हाताशी ठेवतात. दुसरा धोका वरच्या दरवाजालगतच्या दगडी उंबऱ्याचा. पाणी भरलेले असताना तो दिसत नाही. परंतु उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर बोट पुढच्या बाजूला झुकते. त्यामुळे बोट पुढे सरकवून ठेवणे आवश्यक असते. स्वयंचलित लॉकमध्ये अशा वेळी लाल दांडी ओढून सर्व क्रिया थांबवता येते. ही दांडी कोठे आहे हे आत शिरतानाच पाहून ठेवावे.

वर चढताना अडचण वेगळी. बोट खोल कोठडीत असते आणि खुंट डोक्यावर कित्येक फूट उंच. अशा वेळी एकाला लॉकच्या अलीकडेच काठावर उतरवतात, जेणेकरून तो वरून दोर झेलू शकेल. मिदीवरील जुने लॉक लंबगोलाकार आहेत. बाजूच्या मातीचा दाब पेलण्यासाठी त्यांच्या भिंती कमानीसारख्या वक्र बांधल्या गेल्या. ही युक्ती बांधकामाला लाभली. पण सरळ बाजूंच्या बोटीला वक्र भिंतीलगत स्थिर ठेवणे चालकाला जड जाते. बेझिए शहराजवळ फोंसेरान येथे अशा कोठड्यांचा जिनाच आहे. तेथे एका वेळी एकाच दिशेची वाहतूक ठरावीक वेळांत सोडली जाते. वेळ हुकली की काही तास वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. अनेक कालव्यांवर दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद राहतात, तर १ मेसारख्या दिवशी ते सर्वसाधारणपणे उघडत नाहीत.

बोटीला ब्रेक नसतो

कालव्यावर वेगमर्यादा साधारणतः ताशी सहा ते आठ किलोमीटर असते, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकीच. तरीही काही टन वजनाची बोट एकदम थांबत नाही. इंजिन उलट फिरवूनच वेग मोडावा लागतो आणि तसे करताना बोटीचे मागचे टोक एका बाजूला ओढले जाते. पंखा फिरत नसेल तर सुकाणूही फारसे ऐकत नाही. त्यात दक्षिणेकडील जोराचा वारा सुटला, तर उंच आणि हलकी भाड्याची बोट पतंगासारखी आडवी सरकते. कडेला लटकवलेल्या हवेच्या गोळ्यांमुळे धक्के सौम्य होतात. मात्र हाताने किंवा पायाने बोट अडवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बोट आणि दगडी धक्का यांच्यात सापडलेल्या पायाला गंभीर इजा होते. काठावर उडी मारण्याऐवजी बोट पूर्ण टेकल्यावर पाऊल टाकावे.

पंख्यात दोर गुंतणे हा नेहमीचा अपघात. दोराचे टोक पाण्यात लोंबत राहिले की पंखा ते गुंडाळून घेतो आणि इंजिन बंद पडते. किल्ली काढून घेतल्याशिवाय पंख्याजवळ हात नेऊ नये. पाणवनस्पती आणि शरद ऋतूत गळालेली पाने थंडाव्याच्या पाण्याची गाळणी तुंबवतात. इंजिन तापू लागले की प्रथम ही गाळणी पाहावी.

मुक्कामाची जागा

संध्याकाळी बोट कोठे बांधायची, हा या प्रवासातील रोजचा प्रश्न. गावोगावी छोटे थांबे आणि वीज-पाण्याची सोय असलेली बंदरे आहेत. पॅरिसमध्ये बास्तीय चौकाजवळचे आर्सेनाल बंदर किंवा सोन नदीवरील सां-जां-द-लोन ही त्यांतील नावाजलेली ठिकाणे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अनेक थांबे संध्याकाळपूर्वीच भरतात. त्यामुळे अनुभवी चालक दुपारी चारच्या सुमारासच जागा शोधू लागतात.

मोकळ्या काठावर मुक्काम करण्यास अनेक ठिकाणी मुभा असते. परंतु लॉक, पूल व वळणे यांजवळ बोट लावता येत नाही. लाल कडा व तिरपी लाल रेघ असलेल्या पाटीवरील ‘पी’ अक्षर म्हणजे तेथे थांबण्यास मनाई. झाडाला दोर बांधण्यासही बंदी आहे. म्हणून बोटीवर लोखंडी मेखा आणि हातोडा असतो. मेख तिरपी ठोकावी, तिच्यावर रंगीत फडके बांधावे आणि दोर काठावरील वाटेच्या आडवा जाऊ देऊ नये. कारण पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची ही वाट आता सायकलस्वारांची झाली आहे.

काठाजवळ कालवा उथळ असतो आणि तळाशी दगड असतात. रात्रीतून पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी काठाला घट्ट चिकटवलेली बोट सकाळी कललेली आढळते. शेजारून मोठी बोट वेगाने गेली तर पाणी आधी ओढले जाते, मग परत येते आणि मऊ मातीतील मेखा उपटून निघतात. एक दोर पुढे व एक मागे, शिवाय उलट दिशांना तिरपे दोन, असे चार दोर बांधल्यास हा झोका सोसता येतो. शेजारून जाणाऱ्याने वेग कमी करणे हा तर कालव्यावरील साधा शिष्टाचार होय.

या अडचणी काही आजच्या नाहीत. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७६ मध्ये बेल्जियम व उत्तर फ्रान्समधून छोट्या होडीने प्रवास केला. वाज नदीच्या पुरात आडव्या पडलेल्या झाडात अडकून त्याची होडी हातची गेली होती आणि ला फेर गावातील खानावळीच्या मालकिणीने फेरीवाला समजून त्याला आसरा नाकारला होता. या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाणी आणि झाडे

पर्यटकाला जाणवणाऱ्या या अडचणींपलीकडे कालव्यांपुढील संकट अधिक खोल आहे. फ्रेसिने मापाच्या लॉकमध्ये अडीच मीटरचा उतार धरला, तर प्रत्येक वेळी सुमारे पाच लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. पाऊस कमी झाला की आधी बोटी गटागटाने सोडल्या जातात, मग खोली कमी केली जाते आणि अखेरीस मार्गच बंद होतो. २०२२ च्या उन्हाळ्यातील दुष्काळात अनेक कालव्यांचे भाग असे बंद करावे लागले.

मिदीची ओळख असलेली चिनारवर्गीय झाडांची रांगही धोक्यात आहे. या काठावर सुमारे ४२ हजार झाडे होती. २००६ मध्ये तेथे एका बुरशीजन्य रोगाचा शिरकाव आढळला. लागण झालेले झाड वाचत नाही, म्हणून हजारो झाडे तोडून जाळण्यात आली आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची लागवड सुरू झाली. या रोगाचा प्रसार पाण्यातूनही होतो आणि काठावर घासणाऱ्या बोटी व दोर झाडांची मुळे, साल जखमी करतात. झाडाला दोर न बांधण्याच्या नियमामागे असे सबळ कारण आहे.

झाडे केवळ सावलीसाठी नाहीत. त्यांची मुळे मातीचा काठ धरून ठेवतात आणि सावलीमुळे पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. झाड गेले की काठ ढासळतो, गाळ साचतो आणि खोली घटते. मालवाहतूक संपलेल्या कालव्याला आता पर्यटकांच्या बोटींचाच आधार आहे आणि त्याच बोटी निष्काळजीपणे हाकल्या, तर त्याची झीजही त्याच करतात. म्हणून या प्रवासाला निघणाऱ्याने नकाशा व खाद्यपदार्थांच्या यादीआधी तीन गोष्टी शिकून घ्याव्यात : हळू जाणे, दोर सैल सोडणे आणि दिवस मावळण्याआधी थांबणे.