टाइम्स न्यू रोमन : एका मुद्राक्षराचे स्वरूप आणि उपयोग

प्रस्तावना :
इंग्रजी शोधनिबंध सादर करताना ‘टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट’ ही सूचना प्राध्यापकवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, हे अक्षरवळण म्हणजे विद्वत्तेचा स्वाभाविक वेषच होय, असे वाटू लागते. वस्तुतः ते एका दैनिकाच्या गरजेतून जन्मास आले. ते सार्वत्रिक कसे झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्मिती :
लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाच्या छपाईवर मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन (१८८९-१९६७) यांनी टीका केली होती. १९३१ मध्ये दैनिकाने नव्या वळणाचे काम त्यांच्याकडेच सोपविले. रेखाटने दैनिकाच्या जाहिरात विभागातील चित्रकार व्हिक्टर लार्डेंट यांनी केली. मोनोटाइपचे १९१३ मधील ‘प्लँटिन’ हे वळण आधारभूत मानले गेले. त्याचे मूळ सोळाव्या शतकातील फ्रेंच खिळेकार रोबेर ग्रांजों यांच्या अक्षरांत आहे. ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकात नवे वळण प्रथम अवतरले आणि पुढील वर्षी इतर मुद्रकांनाही उपलब्ध झाले.

स्वरूप :
अक्षरदंडांच्या टोकांशी असणाऱ्या बारीक रेघांना सेरिफ म्हणतात. या वळणात त्या तीक्ष्ण आहेत. जाड व बारीक रेषांतील भेदही ठळक आहे. अक्षरे अरुंद, ‘एक्स’सारख्या लहान अक्षरांची उंची अधिक, तर ‘बी’, ‘पी’ यांचे वर-खाली जाणारे दंड आखूड आहेत. परिणामी वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात अधिक मजकूर मावतो व तो सुवाच्यही राहतो. मात्र प्रबंधाच्या रुंद पानावर हाच गुण अडचणीचा ठरतो. एका ओळीत शब्दांची दाटी होते आणि ओळींतील अंतर वाढविल्याखेरीज वाचन सुकर होत नाही.

उपयोगाचा विस्तार :
ग्रंथ व नियतकालिके यांनी हे वळण स्वीकारले. खुद्द ‘द टाइम्स’ने मात्र १९७२ मध्ये ते बदलले. त्याचा खरा प्रसार संगणकाने केला. १९९२ च्या विंडोज ३.१ प्रणालीसोबत ते घरोघरी पोहोचले. २००७ च्या आवृत्तीत कॅलिब्री येईपर्यंत मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तेच आपोआप उमटत असे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ते २००४ मध्ये स्वीकारले, २०२३ मध्ये सोडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा स्वीकारले.

समारोप :
इतिहासाच्या अभ्यासकास यातून दोन बोध मिळतात. पहिला, मुद्राक्षर हे साधनांच्या बाह्य परीक्षणाचे प्रमाण आहे. १९२५ ची तारीख असलेला कागद या वळणात छापलेला आढळल्यास तो मूळ प्रत असू शकत नाही. दुसरा, ज्यास आपण शैक्षणिक शिस्त समजतो, तिचा बराचसा भाग तंत्रज्ञानाने लावलेली सवय असतो. केवळ अक्षरवळण वेगळे आहे म्हणून एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध परत करण्यापूर्वी एवढा विचार अवश्य व्हावा.