राझीची टिपणवही आणि गाझातला गोवर

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर काही दिवसांनी एक संदेश फिरून येतो : अमुक शोध मुळात मुसलमानांनी लावला. मागच्या रमजानमध्ये त्यात अबू बक्र अल-राझीचं नाव होतं. रुग्णांचे दोन गट करून उपचाराची परीक्षा घेणारा जगातला पहिला हकीम, असा दावा. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग. माझी भाची बालरोगशास्त्रात एम.डी. करते. तिने मला वेगळा निरोप पाठवला, “मामू, हे खरं आहे का? खरं असेल तर माझ्या रिव्ह्यूच्या सुरुवातीला घालते.”

ती तेव्हा सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या कामात बुडाली होती. एका प्रश्नावर जगभरात झालेल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, आपल्याला पटणाऱ्या तेवढ्याच नाही. कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, कोणत्या तारखेला, याची नोंद ठेवायची. मग सगळ्यांचं मिळून वजन करायचं. तीन आठवडे ती फक्त शोधतच होती.

मी राझी काढून बसलो. नवव्या-दहाव्या शतकातला, तेहरानजवळच्या रय गावचा हा हकीम. त्याचा ‘अल-हावी’ हा खरं तर ग्रंथच नाही, आयुष्यभराची टिपणं आहेत. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी ती जुळवली. 1955 पासून आपल्या हैदराबादच्या दायरतुल मआरिफने ती अरबीत तेवीस खंडांत छापली. एकेका आजाराखाली राझी लिहीत जातो : जालीनूस म्हणजे गॅलन हे म्हणतो, बुकरात हे म्हणतो. बगदादेत भाषांतर झालेले आपले चरक-सुश्रुतही त्यात येतात. प्रत्येक मत नावानिशी. आणि शेवटी ‘ली’ असा छोटा शब्द लिहून स्वतःचं मत. ‘ली’ म्हणजे ‘माझं’. दुसऱ्याचं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. हदीस सांगताना आधी सांगणाऱ्यांची साखळी देणाऱ्या समाजात ही शिस्त आश्चर्याची नव्हती.

दोन गटांची गोष्टही खरी निघाली. सरसामची, म्हणजे मेंदूच्या दाहाची लक्षणं दिसू लागलेल्या काहींचं त्याने शीर उघडून रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही. निष्कर्ष काढता यावा म्हणूनच असं केलं, हेही तो लिहितो. ज्यांचं रक्त काढलं नाही त्यांना सरसाम झाला, असं त्याला दिसलं.

आमच्या ग्रुपवरचा संदेश इथेच थांबतो. पण आज या आजारावर रक्त काढणं कुणी उपचार मानत नाही. म्हणजे पद्धत विचारपूर्वक होती आणि उत्तर चुकलं. एका हकिमाचा एका ठिकाणचा अनुभव, कितीही प्रामाणिक असला तरी, फसवू शकतो. राझीला वंदन करताना आपण हे वाक्य गाळतो. गॅलनवरच्या शंकांचं स्वतंत्र पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला असलं वंदन मानवलं असतं, असं मला वाटत नाही.

भाचीला हे कळवलं, तेव्हा तिने मला इयन चामर्स या ब्रिटिश डॉक्टरबद्दल वाचायला सांगितलं. 1969च्या सुमारास तरुण चामर्स गाझातल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत काम करत होते. गोवर हा विषाणूचा आजार, त्यात न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग दिसेपर्यंत अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. त्यांनी ते पाळलं. गोवर झालेली काही मुलं गेली. आधीपासून अँटिबायोटिक दिलं तर फायदा होतो, असं सुचवणाऱ्या अनेक चाचण्या ते गाझात पोहोचण्याआधीच झाल्या होत्या, हे त्यांना फार उशिरा कळलं. त्या सगळ्या शोधून, एकत्र करून कुणी त्यांच्या हातात ठेवल्या नव्हत्या. गाझाची मुलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आता वेगळीच चित्रं येतात. ही मुलं बॉम्बने गेली नव्हती. उत्तर छापलेलं होतं आणि डॉक्टरपर्यंत आलं नव्हतं.

पुढे ऑक्सफर्डमध्ये चामर्स आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणाविषयीच्या चाचण्या शोधायला घेतल्या. नियतकालिकं पानापानाने चाळली. छापूनच न आलेल्या चाचण्यांसाठी 18 देशांतल्या सुमारे 42,000 डॉक्टरांना पत्रं गेली. दोन वर्षांहून आधी संपलेल्या अशा चाचण्या हाती लागल्या फक्त 18. न छापलेलं एकदा मागे पडलं की ते बहुधा गेलंच. छापलेल्याचंही फार बरं नव्हतं. 1994मध्ये एका तपासणीत दिसलं की मेडलाइनमधल्या शोधाला माहीत असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच सापडतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं उदाहरण तर भाचीच्याच विषयातलं. आईला आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं सावरतात, हे न्यूझीलंडमधल्या चाचणीने 1972मध्ये दाखवलं. मग आणखी चाचण्या होत राहिल्या. सगळ्या शोधून एकत्र मांडणारा आढावा आला 1989मध्ये. मधल्या वर्षांत बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हा उपचार इतका गुणकारी आहे हे कळलंच नाही आणि हजारो बाळं नाहक गेली असावीत. 1993मध्ये चामर्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा याच चाचण्यांच्या आहेत.

याच चामर्स यांनी नंतर उपचारांच्या निष्पक्ष परीक्षेच्या इतिहासाचं ‘जेम्स लिंड लायब्ररी’ हे संकेतस्थळ उभं केलं. राझीचं ते टिपण तिथे आहे.

भाचीने राझीला शेवटी वगळलं. “पानं कमी आहेत, मामू,” म्हणाली. तिच्यापुढे तेव्हा दुसरीच अडचण होती. मार्गदर्शकांनी फक्त इंग्रजी लेख घ्यायला सांगितलं होतं आणि तिला फारसीत दोन, चिनी भाषेत पाच चाचण्या दिसत होत्या. फारसीच्या दोन मी आमच्या ओळखीच्या एका मौलानांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही ‘पी’ म्हणजे काय?”