काम आधी, साधन नंतर : झेरॉक्स स्टार ते खोडद

१/ संगणकावर बसणारा माणूस बहुधा आधी प्रोग्राम निवडतो, मग काम. त्यामुळे एकाच कामाचे मजकूर, आकडे आणि चित्रे निरनिराळ्या ठिकाणी विखुरतात. १९८१ साली आलेल्या 'झेरॉक्स स्टार'ची कल्पना उलट होती. पडद्यावर दस्तऐवज दिसत. दस्तऐवज उघडला की त्याला लागणारे साधन आपोआप हाती येई.

२/ नव्वदच्या दशकात ॲपलने 'ओपनडॉक' आणले. एकाच दस्तऐवजात अनेक प्रोग्रामांचे भाग नांदावेत, हा त्यामागचा हेतू. १९९७ मध्ये ॲपलने ते गुंडाळले.

३/ जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मात्र कामाभोवतीची रचना रुजली. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. संशोधक प्रस्ताव पाठवतात. मंजूर प्रस्तावाची निरीक्षणे त्याच्याच क्रमांकाखाली जतन होतात आणि ठरावीक मुदतीनंतर इतरांनाही खुली होतात.

४/ या शिस्तीचे मोल 'टीजीएसएस' सर्वेक्षणाने दाखवले. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची निरीक्षणे घेतली गेली. पुढे हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती संग्रहातून काढून 'स्पॅम' या संगणकीय प्रणालीने नव्याने तपासली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात आकाशाच्या ९० टक्के भागातील सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची सूची होती.

५/ त्यासाठी दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळवावी लागली नाही. निरीक्षण कोणत्या कामासाठी, केव्हा आणि आकाशाच्या कोणत्या भागाचे, ही नोंद शाबूत होती. ती हरवली असती, तर नवी प्रणालीही निरुपयोगी ठरली असती.