स्प्लेंडर कसा जिंकायचा? पत्ते नाही, गुण मोजा

लातूरमध्ये डाळ मिल टाकणारा आधी यंत्रात पैसा घालतो, कमाई नंतर सुरू होते. मार्क आंद्रे यांचा २०१४ मध्ये आलेला ‘स्प्लेंडर’ हा खेळ याच हिशेबावर चालतो. रत्नांच्या चकत्या देऊन पत्ते घ्यायचे. घेतलेला प्रत्येक पत्ता पुढच्या खरेदीत एका रत्नाची कायमची सूट देतो.

नवखे इथेच फसतात. पहिल्या स्तराचे स्वस्त पत्ते घेतच राहतात. त्यावर गुण जेमतेम ० किंवा १, आणि कुणी १५ गाठले की ती फेरी पूर्ण करून खेळ संपतो. मिल उभी, पण डाळ विकलीच नाही!

त्यापेक्षा तिसऱ्या स्तरातला ५ गुणांचा पत्ता लवकर हेरावा. त्याला एका रंगाची ७ आणि दुसऱ्या रंगाची ३ रत्नं लागतात, म्हणून सूटही त्याच दोन रंगांची जमवावी. तो हातचा जाईल असं वाटलं तर राखून ठेवता येतो, वर कुठल्याही रंगाच्या जागी चालणारी सोन्याची चकतीही मिळते. मात्र असे तीनच पत्ते राखता येतात.

दोघांच्या डावात एक गंमत आहे. प्रत्येक रंगाच्या चारच चकत्या असतात, आणि एका रंगाच्या दोन उचलायच्या तर ढिगात किमान चार हव्यात. त्यातली एक आधीच उचलली, की समोरच्याची वाट बंद.

सरदारांचे ३ गुण वाटेत मिळाले तर उत्तम, पण त्यांच्यामागे धावू नये. गुण सारखे झाले तर कमी पत्ते घेतलेला जिंकतो.